बॅटरीवरचा आळ

बँकेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी पस्तीस वर्षं लोकांची खाती तपासली. पण सोळा वर्षांच्या आपल्या लाल गाडीत जमा किती आणि खर्च किती, हे एकदाही पाहिलं नव्हतं. जूनमधल्या एका सकाळी त्यांनी किल्ली फिरवली, तर सेल्फ नुसता 'टक्' म्हणाला आणि गप्प झाला.

अशा वेळी सोसायटीत माणसं जमायला मिनिटही लागत नाही. "बॅटरी गेली," पहिल्या मजल्यावरून निकाल आला. वॉचमननं त्यावर सही केली. दूधवाल्यानं तर सायकलवरून न उतरताच तेच सांगितलं. धक्का मारून गाडी बॅटरीच्या दुकानापर्यंत गेली. दुकानदारानं मीटरच्या दोन पिना लावल्या, ११.९ आकडा आला, आणि डॉक्टर नातेवाइकांसमोर हलवतात तशी त्यानं मान हलवली. साडेचार हजारांची नवी बॅटरी बसली, जुनी बदल्यात गेली. जुनीवर गृहस्थांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं खरेदीची तारीख लिहिली होती, शेजारी गेल्या दसऱ्याचं कुंकू होतं. ती कोपऱ्यातल्या ढिगात गेली तेव्हा त्यांना उगाच अपराधी वाटलं.

इंजिन चालू ठेवून तोच मीटर पुन्हा एकदा लावावा, असं कुणालाही सुचलं नाही. सगळा घोळ इथेच झाला.

बॅटरी म्हणजे बचत खातं. घरात पगार आणतो तो अल्टरनेटर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं, नारळाएवढं ते धूड वीज तयार करतं. दिवे, वायपर, पंखा यांचा खर्च भागवतं आणि उरलेलं खात्यात भरतं. भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू झालं की तोच आकडा साधारण १३.८ ते १४.४ वर चढायला हवा. न चढला तर पगार येत नाही, घर मुद्दलावर चाललंय. खुद्द गाडी चालू करायला फार काही लागत नाही: सेल्फ शंभर-सव्वाशे अँपिअर ओढतो खरा, पण दोन-तीन सेकंदच. खात्यातून चिल्लर जाते. खरा खड्डा पाडतात ते दिवे. दोन हेडलाइटच दहाएक अँपिअर खातात. त्यात वायपर, पंखा आणि इग्निशन धरलं, तर ३५ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी दोन तासांतच हात वर करते.

आपल्याकडच्या जुन्या फियाट, अँबॅसडरमध्ये अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. तो इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच कमवायचा नाही, त्यामुळे सिग्नलला उभं राहणं म्हणजे बिनपगारी रजा. पुढे सिलिकॉनचे डायोड आले आणि मंद इंजिनावरही चार्जिंग होऊ लागलं. गॅरेजवाल्यांच्या तोंडात मात्र 'डायनामो' हा शब्द अजून आहे.

तर नवी बॅटरी बसली आणि पंधरा दिवस सगळं झकास चाललं. उलट एक सुधारणाही दिसली. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागायचा, तो आता लागतच नव्हता. "नव्या बॅटरीचा गुण!" गृहस्थ म्हणाले. वास्तविक किल्ली फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. दिवा लागेनासा होणं म्हणजे एकतर बल्ब उडालाय किंवा पुढे कुठेतरी वाट तुटलीय. आनंदाची बातमी नक्कीच नाही.

पंधराव्या दिवशी वाईहून पुण्याला परतताना पाऊस लागला. संध्याकाळ झाली होती. खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे वायपर असे हलू लागले, की जणू प्रत्येक फेरीला परवानगी मागतायत. रेडिओ आपोआप बंद पडला. इंडिकेटरची टिकटिक रेंगाळू लागली.

"अहो, दिवे लावा ना. बोगदा आला."

"लावलेत."

"मग दिसत का नाहीत?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. गृहस्थांनी पंखा बंद केला, हॉर्नला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे रांगत बोगदा काढला. व्होल्टेज नऊ-दहाच्या खाली गेलं की स्पार्कही दगा देतो. तो शिरवळला दिला, आणि नशीब असं, की पलीकडेच 'ऑटो इलेक्ट्रिक'ची पाटी होती.

उस्तादांचं वय सत्तरीकडे झुकलेलं. त्यांनी आधी पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला: ढिला असता तर ओल्या हवेत किंचाळला असता. मग टर्मिनल हलवली, अर्थिंगची वायर चाचपली. त्यानंतर आपल्या बॅटरीला जंपर लावून गाडी चालू केली, जंपर काढला, मीटर लावला: ११.८, आणि हळूहळू खाली. "काका, बॅटरी कोरी आहे. डायनामो कमवत नाही," ते म्हणाले. पुन्हा इंजिन बंद करून किल्ली तेवढी चालू ठेवली आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या पुलीच्या नटाजवळ नेलं. काही नाही. "आत करंट पोचला असता तर लोहचुंबकासारखं ओढून घेतलं असतं." मग हातोडीच्या लाकडी दांड्यानं अल्टरनेटरच्या पाठीवर दोन हलके ठोके मारले आणि स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा जवळ नेला. या वेळी तो खटकन चिकटला. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही पंधरा दिवसांनी पहिल्यांदा पेटला.

"कार्बन संपले," उस्ताद म्हणाले.

अल्टरनेटर उतरवून त्यांनी कार्बन तळहातावर ठेवले. पेन्सिलीच्या तुकड्यासारखे दोन काळे ठोकळे, झिजून जेमतेम चार मिलिमीटर उरलेले. फिरत्या तांब्याच्या कड्यांवर हे टेकलेले असतात, तेव्हाच आतल्या रोटरला करंट मिळून चुंबक तयार होतं. आखूड झाले की स्प्रिंगचा जोर पुरत नाही; कधी टेकतात, कधी नाही. सकाळी पगार, दुपारी संप. दीडशे रुपयांचे कार्बन आणि चहा संपेपर्यंतचं काम. मीटर १४.१ वर गेला, तेव्हा बाईसाहेबांनी "साडेचार हजार" एवढंच म्हणून खिडकीबाहेर पाहिलं.

सोसायटीत ही हकिगत रंगवून झाल्यावर पहिल्या मजल्यानं सल्ला दिला, "त्यापेक्षा चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून बघायचं. इंजिन बंद पडलं की समजायचं, डायनामो गेला." हा उपाय डायनामोच्या काळात खपून जायचा. अल्टरनेटर जोरात कमवत असताना बॅटरी अचानक काढली, तर क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं. डायोड जातात, नव्या गाडीत कॉम्प्युटरही जातो. गृहस्थांनी हे अशा थाटात सांगितलं, की जणू अल्टरनेटरचा शोध त्यांनीच लावला होता.

तेव्हापासून त्यांच्या शबनममध्ये पिवळा मीटर असतो. सोसायटीतल्या अकरा गाड्यांची पासबुकं त्यांनी भरून दिलीत. परवा मंडईत एका हातगाडीवर ते मेथी निवडत होते. गाडीखाली बॅटरी, वर लखलखीत एलईडी बल्ब. ते वाकले. पांढऱ्या ऑइलपेंटनं तारीख लिहिलेली, शेजारी कुंकवाचा डाग.

"ही कुठून घेतलीस रे?"

"शेकंड हँड, काका. दुकानदार म्हणला, नुसती उतरलेली होती, रातभर चार्जिंगला लावली. दोन महिने झाले, काय कटकट नाय."

गृहस्थांनी जुडी खाली ठेवली, मीटर काढला आणि बल्ब जळत असतानाच पिना लावल्या. १२.५.