धुण्यातलं शौर्य

ज्या पुरुषाने जन्मात स्वतःची कपबशी विसळलेली नाही, त्याच्या हातात प्रेशर वॉशरची गन द्या. तो ट्रॅक्टर धुईल, ट्रॉली धुईल, फाटक धुईल, आणि धुवायला काही उरलं नाही तर शेजाऱ्याची म्हैस कुठं बांधलीय याची चौकशी करील. पाण्याला आवाज आला की धुणं हे काम राहत नाही, मोहीम होते.

माझी सासुरवाडी हैदराबादची. राहायला काचीगुड्यात, घरात मराठी, बाजारात दखनी, आणि बंगळूर रस्त्याला शादनगरच्या पुढे मेव्हण्यांची भातशेती आणि कोंबड्यांचं शेड. हैदराबाद आणि कोंबडी हे नातं बिर्याणीपुरतं नाही. अस्सल हैदराबादी तर बिर्याणीत मटणच मागतो. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली व्यंकटेश्वरा हॅचरीज याच शहरात सुरू केली, आणि कुक्कुटसंशोधनाची केंद्रीय संस्थाही इथंच, राजेंद्रनगरला आहे. खंडेनवमीला इथं रिक्षापासून रोडरोलरपर्यंत चाकं असलेली प्रत्येक वस्तू धुऊन, हार घालून पुजली जाते. त्या मुहूर्तावर मेव्हण्यांनी प्रेशर वॉशर आणला.

यंत्र 120 बारचं. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून काय ते समजा. मेव्हण्यांनी गन उचलली, पायात रबरी स्लिपर. साधारण 7 बारची धारसुद्धा कातडी फोडून आत शिरू शकते. वरून टाचणीच्या टोकाएवढं दिसतं, पण ते दुखणं मलमाचं नव्हे, सर्जनचं. शेडवरच्या चाचांनी हे शास्त्र एका वाक्यात सांगितलं, ‘‘साब, पावां धोनेका है के निकालनेका?’’ मेव्हणे गमबूट घालून आले.

यंत्राबरोबर रंगीत नोझल येतात. लाल शून्य अंशाचा, म्हणजे सुईसारखी धार; पिवळा 15 अंशांचा, हिरवा 25, पांढरा 40, आणि काळा साबणाचा. शूर माणूस अर्थातच लाल निवडतो. मेव्हण्यांनीही निवडला, आणि पाचव्या मिनिटाला बॉनेटवरचं ट्रॅक्टर कंपनीचं नाव गेलं. चिखल राहिला.

आता हा चिखल भातखाचरातला, चिखलणीचा. केज व्हीलच्या पट्ट्यांवर तो वाळला की त्याची गणपतीची मूर्ती म्हणून रंगवून विकता येईल. धार मारली की त्याच्या मधोमध एक चर पडतो, बाजूचा थर तसाच. मेव्हणे त्वेषाने चरामागून चर पाडत होते आणि टाकीतलं बोअरचं पाणी मिनिटाला सात लिटरच्या हिशेबाने वाहून चाललं होतं. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, ‘‘जावईबापू, त्याला सांगा, दुधाचं करपलेलं पातेलं आधी भिजत घालतात.’’

सगळी विद्या एवढीच आहे. आधी कोरडं खरवडा, मग साध्या नळीने भिजवा, बसा, चहा प्या, आणि मग यंत्र चालू करा. चिखलाला पाणी मुरायला वेळ लागतो. तो वेळ बारमध्ये मोजता येत नाही. तेलकट थर असेल तर साबण हवा, ऊन पाणी मिळालं तर उत्तमच. आल्फ्रेड केर्शर यांनी 1950 साली उच्च दाबाचं धुण्याचं यंत्र काढलं तेही गरम पाण्याचंच होतं. जर्मन माणसालाही नुसत्या जोरावर भरवसा नव्हता.

शेड धुण्यात तर चाचांचा शब्द शेवटचा. एक बॅच विकली गेली की पुढची पिल्लं येण्याआधी तुसाचं सगळं अंथरूण बाहेर, जाळी-जळमटं झाडून खाली, खाद्याची आणि पाण्याची भांडी उन्हात, विजेचा मेन स्विच बंद. मग भिजवणं. साबणाचा फेस भिंतीवर खालून वर चढवायचा, नाहीतर कोरड्या घाणीवरून ओघळ येऊन पट्टे उमटतात. धुताना मात्र वरून खाली, आणि आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. मेव्हण्यांनी दाराकडून सुरुवात केली होती. आतली सगळी घाण धुतलेल्या भागावरून वाहत आली. चाचा शांतपणे म्हणाले, ‘‘हौ साब, अब वापस धोओ.’’ जंतुनाशक मारायचं ते जमीन वाळल्यावर. साचलेल्या पाण्यात औषध पातळ होतं आणि विष्ठेचा थर राहिला तर ते निकामीच होतं. पैसे मात्र पूर्ण लागलेले असतात.

ट्रॅक्टरचे नियम वेगळे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारू नये. रेडिएटरच्या पट्ट्यांवर तिरकी धार पडली की त्या आडव्या होतात, मग हवा खेळत नाही आणि ट्रॅक्टर भर शेतात उकळतो. वायरिंग, डायनॅमो, एअर फिल्टरचं तोंड झाकून घ्यावं. बेअरिंग आणि ऑइल सील यांच्याजवळ गन नेऊच नये. तिथं पाणी शिरतं, ग्रीस बाहेर येतं, आणि धुतलेला ट्रॅक्टर महिन्याभरात कुरकुरायला लागतो. तेव्हा हिरवा नाहीतर पांढरा नोझल आणि हातभर अंतर.

गावोगावचे मेव्हणे गनसह फोटो काढून घेतात, पण धुतल्यानंतर जी दुसरी गन हातात घ्यायची तिचा फोटो कुणी काढत नाही. ती धुण्यात गेलेलं ग्रीस परत भरणारी ग्रीसगन. तिला आवाज नाही, फवारा नाही, हात मात्र काळे होतात. तरी वॉशर घेणार असाल तर खुशाल घ्या. फक्त त्याआधी घरातली ग्रीसगन कुठं पडलीय ती शोधून ठेवा. शेवटच्या निपलला ग्रीस बसेपर्यंत ट्रॅक्टर फक्त ओला झालेला असतो.