कामाची पोरं

सातारा-सांगलीकडच्या जुन्या हायस्कुलात शिपाई एक असे आणि कामं पन्नास. उरलेली कामं कुणी करायची, हे कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. समोर शेकडो पोरं आयतीच बसलेली असत.

वर्ग झाडायचा, मैदानावर सडा मारायचा, पाण्याचं पिंप भरायचं, फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि वरती सुविचार लिहायचा, सूचनावही वर्गावर्गांतून फिरवायची आणि फिरवताना जितकं रेंगाळता येईल तितकं रेंगाळायचं, हे रोजचं. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा. शिपाईमामा पोस्टात किंवा बँकेत गेले की ती वाजवण्याचा मान एखाद्या दणकट पोराकडे यायचा. तो गणितात कितीही कच्चा असो, तास संपवण्याची सत्ता त्याच्या हातात असे. त्यामुळं गणिताचे सरसुद्धा त्या दिवशी त्याच्याशी जरा जपून बोलत.

फळा पांढुरका पडला की तो काळा करणं हा एक सोहळाच होता. टॉर्चचे संपलेले सेल घराघरांतून गोळा व्हायचे, दगडानं फुटायचे, आतली काळी पूड पानांच्या रसात कालवली जायची आणि फळ्याइतकीच पोरंही रंगायची. सेलची आकृती विज्ञानाच्या पुस्तकात पुढं केव्हातरी येई. तोवर आम्ही त्याचं पोट फाडून आतली कार्बनची कांडी खिशात घातलेली असे. भागांना नावं द्या, असा प्रश्न परीक्षेत आला की आमच्यातल्या निम्म्यांना नावं आठवत नसत, पण भाग चांगले ओळखीचे असत.

शनिवारी सकाळची शाळा. कवायत झाली की मातीच्या जमिनीचे वर्ग सारवायचे. पोरांनी शेण गोळा करून आणायचं आणि पोरींनी सारवायचं. श्रमविभागणीचा धडा अर्थशास्त्रात फार उशिरा येतो. आमच्याकडं तो पाचवीतच गिरवून घेतला जाई, आणि त्यातला अवघड भाग कुणाच्या वाट्याला येतो तेही तेव्हाच दिसून जाई. शिवणाच्या तासाचंही तसंच. मुली धावदोरा, हातशिलाई, काजं शिकत आणि मुलं त्या वेळी खुरपी घेऊन वाफ्यात बसत. वाफ्यातलं पीक बहुधा शेजारच्या शेळ्यांच्या उपयोगी पडे. मुलींची काजं मात्र जन्मभर टिकली. शर्टाचं बटण तुटलं की ते हातात घेऊन घरभर फिरणारा पन्नाशीचा पुरुष दिसला, की मला ते वेळापत्रक आठवतं.

सरकारलाही हातांची आठवण अधूनमधून होत आली आहे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली आणि शाळांत टकळी आली. पेळूतून धागा निघायचा, निघता निघता तुटायचा, आणि तुटलेला धागा जोडण्यात तास संपायचा. पुढं 1964 ते 66 या काळात कोठारी आयोग बसला आणि त्यानं कार्यानुभवाची शिफारस केली. ती दिल्लीहून निघून आमच्या भागात पोचेपर्यंत तिचा खडू झाला होता. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवायचं, साच्यात ओतायचं आणि वाट बघायची. साच्यातून बाहेर पडताना निम्मे खडू मोडत. पण सर असेही तुकड्यांनीच लिहीत, त्यामुळं माल वाया गेला असं कुणी म्हणालं नाही. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं विषयाचं नाव बदलून समाजोपयोगी उत्पादक कार्य असं भारदस्त केलं. नाव लांबलं, खडू तेवढाच राहिला.

हे सगळं सांगताना नुसतं गहिवरून चालणार नाही. त्या कामांत लबाडीही होती. एखाद्या गुरुजींचं दळण गिरणीत पोचवणं, एखाद्या सरांच्या घरची लाकडं फोडणं, हे कुठल्या विषयात बसत होतं ते कुणी विचारलं नाही. हळदीच्या काढणीत आणि उसाच्या तोडीत निम्मा वर्ग शेतावर असायचा. तिथं राबून आलेल्या पोराला शाळेत पुन्हा झाडू देणं म्हणजे संस्कार, असं म्हणायला जीभ धजत नाही.

आणि काही पोरांना तर शाळेनं काम करण्याच्याही लायकीचं मानलं नव्हतं. 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव नोंदलं गेलं. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो मुलगा भीमराव आंबेडकर. आता राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण त्या विद्यार्थ्याला बसायला स्वतःचं गोणपाट घरून आणावं लागे आणि संध्याकाळी परत न्यावं लागे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावत नसे. नळाला त्यानं हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. बाबासाहेबांनी हे पुढं स्वतःच लिहून ठेवलं आहे. पाण्याचं पिंप भरण्याच्या पाळीवरून आम्ही कुरकुर करत होतो. ती पाळी मिळणं ही केवढी गोष्ट होती, हे त्या गावातला इतिहास वाचल्यावर समजतं.

त्याच साताऱ्यात 1924 साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. रयत शिक्षण संस्था त्याआधी, 4 ऑक्टोबर 1919 रोजी, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली होती. भाऊराव पूर्वी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खेडोपाडी विकत फिरत. आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी 1910 साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर उभी राहिली. लाकडी नांगराला देव मानणाऱ्या शेतकऱ्यापुढं लोखंडी नांगर ठेवायचा आणि तो घ्यायला लावायचा, हे ज्याला जमलं, त्याला पोरांना कामाला लावणं काय अवघड? त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वयंपाक करत, पाणी भरत आणि एका पंगतीला बसत. पोरांची पोटं भरताना पैसा संपला, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. 1927 मध्ये गांधीजी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. 1940 साली निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये तर कमवा आणि शिका हीच रीत ठरली. खिशात दमडी नसलेला पोरगा अंगमेहनत करून शिकू लागला. संस्थेचं ब्रीदच मुळी स्वावलंबी शिक्षण.

आमच्या गुरुजींचं दळण आणि भाऊरावांची कुदळ, दोन्ही कामंच. पण गुरुजींचं दळण नेणाऱ्या पोराच्या हाती उपकाराशिवाय काही लागत नसे. सयाजीरावच्या पोराला मात्र आपण शाळेचं देणं फेडतो आहोत, ही शाळा थोडी आपल्याही घामाची आहे, असं म्हणता येत होतं. फी भरणारा बाप जे म्हणू शकत नाही, ते हा अनवाणी पोरगा म्हणू शकत होता.

आता शाळांना सगळं आहे. झाडायला बाई आहे, पाण्याला फिल्टर आहे, घंटा आपोआप वाजते. मधूनमधून जपानी शाळेचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो. त्यात चिमुकली मुलं वर्ग पुसतात, एकमेकांना जेवण वाढतात. आपल्या पालकांच्या गटात त्यावर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडतो. काय शिस्त, काय संस्कार! त्याच आठवड्यात आपल्या शाळेतल्या बाईंनी कुणाच्या बाळाच्या हातात फडका दिला, तर तेच पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे असतात. फडका जपानी असेल तरच तो संस्कार. सांगलीचा असेल तर ती तक्रार.

पालकांचं सगळंच चुकतं असंही नाही. फडका नेमका कुणाच्या हातात जातो, ही भीती आपल्याकडं अनुभवातून आलेली आहे. पाळी सगळ्यांची असेल, तिच्यात मुलगा-मुलगी, जात, बापाचं पद यांना सूट नसेल आणि गुरुजींच्या हातातही अधूनमधून फडका दिसेल, तर ती भीती बरीच कमी होईल. भाऊरावांच्या गावाला हे नव्यानं सांगावं लागू नये.

कार्यानुभव अजूनही वेळापत्रकात आहे. त्याचं साहित्य स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात बांधून मिळतं, वस्तू रात्री अकरा वाजता आई बनवते आणि श्रेणी पोराच्या प्रगतिपुस्तकात पडते. या व्यवहारात खरा कार्यानुभव कुणाला मिळतो हे उघड आहे. शिवणाच्या तासापासून तिच्या वाट्याला जे आलं, ते अजून सुटलेलं नाही.

मुलांना कौशल्यं शिकवावीत यावर आता सगळ्यांचं एकमत आहे. त्यासाठी खोल्या बांधल्या जातात, यंत्रं येतात, तासिका ठरतात. ते होऊ द्यावं. माझं मागणं त्याहून फार स्वस्त आहे. प्रत्येक पोराकडं शाळेतलं एक खरं काम असावं, फार मोठं नको, झाडांना पाणी घालण्याइतकं, वाचनालयाची वही सांभाळण्याइतकं. मूल आजारी पडलं की हल्ली शाळेतून आपोआप संदेश येतो, तुमचा पाल्य आज गैरहजर आहे. आमच्या वेळी दुसरंच पोरगं दारात यायचं आणि विचारायचं, ‘काकू, हा कधी येणार? पिंप भरायची पाळी आहे त्याची.’ पोरगं गेलं नाही तर त्याचा अभ्यास बुडतो, एवढं प्रत्येक बापाला ठाऊक असतं. त्याच्यावाचून शाळेचंही थोडं अडतं, हे त्या पोराला ठाऊक असलं पाहिजे.