दहापैकी साडेसहा

आमच्या खोऱ्यात मत नसलेला माणूस सापडणं कठीण. भजन सुरू होऊन पहिला अभंग संपत नाही, तोवर भिंतीला टेकलेला आजा पखवाज उतरल्याचं जाहीर करतो. शक्ती-तुऱ्यात कोण हरलं हे शाहिरांच्या आधी मागच्या रांगेत ठरतं. तेव्हा महाड-भोर रस्त्याच्या बाजूला, तळीयेच्या आसपासच्या एखाद्या वाडीत कुणी पोरगा व्हिडिओ गेमच्या समीक्षा लिहू लागला आणि त्यासाठी त्याने स्वतःच्या मालकीची वेबसाईट काढली, तर दचकू नये. धंदा घराण्यातलाच आहे. आजा फुकट करायचा, नातू त्यासाठी डोमेनचे पैसे भरतो, एवढाच फरक.

हा समीक्षक ओळखायला सोपा. खिशात कार्ड असतं: संस्थापक, संपादक, मुख्य समीक्षक, तांत्रिक प्रमुख. चारही पदांवरचा माणूस तोच, आणि सकाळी म्हशीचं शेण काढणाराही तोच. वेबसाईटचं नाव ठरवायला त्याला तीन आठवडे लागतात, कारण बरी नावं जगाने आधीच नेलेली असतात. मग त्याला कळतं, की २०१४ पासून '.भारत' असा देवनागरी पत्तासुद्धा घेता येतो. तो घेतो. आता अडचण एवढीच, की तो पत्ता मराठीत टाईप करण्याचे कष्ट त्याच्याखेरीज कोणी घेत नाही. वेबसाईटवर सगळ्यात लांब मजकूर 'आमच्याविषयी' हा. त्याखालोखाल 'विलंबाबद्दल क्षमस्व'. समीक्षा त्यानंतर.

विलंबाला कारणं आहेत. घरात रेंज नाही. ती वाडीच्या वरच्या अंगाला, एका कातळावर आहे, तीही उभं राहिलं तर. संध्याकाळी एका हातात छत्री, दुसऱ्या हातावर लॅपटॉप, काखेत बॅटरी अशा अवस्थेत आमचे मुख्य समीक्षक लेख चढवतात. पट्टी सरकत सरकत सत्त्याण्णव टक्क्यांवर येते आणि नेमकी तेव्हाच खालच्या वळणावर वस्तीची एसटी हॉर्न देते. गाडीतले वीस-पंचवीस मोबाईल एकदम त्याच टॉवरला लटकतात. पट्टी थांबते. समीक्षक वरूनच एसटीला असे काही शब्द वाहतात, की ते समीक्षेत छापता यायचे नाहीत. आई खालून ओरडते, "तुजं ते लिव्हणं ऱ्हावंदे, आधी लावणीचं बघ!" आषाढात वेबसाईट सरळ बंदच असते.

त्याच्या लेखणीचा दराराही मोठा. पब्जीवरचा दीर्घ लेख त्याने २०२० च्या सप्टेंबरात लिहून पुरा केला आणि २ तारखेला केंद्र सरकारने पब्जीवर बंदी घातली. मग तो फ्री फायरकडे वळला; २०२२ च्या फेब्रुवारीत तोही गेला. बीजीएमआयची स्तुती केली, तर जुलैत तोही गायब झाला. तो २०२३ मध्ये परत आला खरा, पण तोवर पारावरच्या मंडळींनी सिद्धांत मांडला होता: ह्याने काही लिहिलं, की दिल्लीला कळतं. एकाने तर टोलनाक्यावर लिही म्हणून गळ घातली.

गुण देण्याची त्याची पद्धत दहापैकी. साडेसहाच्या खाली मात्र तो उतरत नाही. स्वतःच्या पैशाने, सेल लागेपर्यंत चार महिने वाट बघून घेतलेल्या वस्तूला तीन गुण द्यायला काळीज लागतं. 'राजी' हा २०२० सालचा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स कंपनीने केलेला. त्याला त्याने आठ दिले आणि 'शेवट उरकल्यासारखा वाटतो' असंही लिहिलं. मला तर हे वाक्य आजाचं वाटलं. भैरवी लवकर घेतली, की तो असंच म्हणतो.

एका खेळाला मात्र त्याने गुणच दिले नाहीत. त्यात कडा सुटून घरांवर येतो आणि खेळणाऱ्याने बटणं दाबत उड्या मारायच्या. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. काहींच्या ओटीवर ह्याने चहा घेतलेला. त्याने तो गेम काढून टाकला. वेबसाईटवर त्या खेळाचं नाव आहे, खाली काही नाही. त्याबद्दल त्याला कोणी विचारत नाही.

त्याची सर्वांत गाजलेली समीक्षा, म्हणजे चौदा जणांनी वाचलेली, 'जीटीए फाइव्ह'ची. लॅपटॉप महाडच्या बाजारातून जुना घेतलेला. सेकंदाला साठ चित्रं सरकायची तिथे अकरा सरकतात. त्याने लिहिलं: 'खेळाची प्रकृती चिंतनशील आहे. लॉस सँटोसची माणसं मनाशी काही ठरवत पावलं टाकतात. मोटारीही सोयऱ्यांकडे जेवायला निघाल्यासारख्या.' गुण साडेसहा.

गणपतीला दिव्याहून चाकरमानी चुलतभाऊ आला, नवा कोरा लॅपटॉप घेऊन. रात्री आरती झाल्यावर त्याने तोच गेम लावला. मोटारी सुसाट सुटल्या, माणसं धावली, दोन मिनिटांत पोलीस मागे लागले. पाठीमागे पान लावत बसलेला आजा म्हणाला, "आत्ता ताल धरलान." समीक्षक काहीच बोलला नाही. चपला घालून छत्रीसकट कातळावर गेला.

सकाळी मी मुद्दाम पाहिलं. गुण साडेसहाच होते. खाली एक टीप वाढली होती: 'मुंबईकडे हा खेळ विनाकारण घाईने खेळला जातो.'