वरच्या मजल्याची पतपेढी

बँकेच्या कर्जविभागात नोकरी झालेल्या बाईला समोरच्याचा खर्च दिसला की तो कुठल्या सदरात टाकायचा हे ठरवल्याशिवाय चैन पडत नाही. निवृत्तीनंतर ही खोड शेजाऱ्यांवर गेली असती आणि संबंध बिघडले असते. देवाच्या दयेने आमचं घर सदाशिव पेठेत आहे, घराला वरचा मजला आहे आणि मजल्यावर चार कॉट मावतात. ‘कॉट बेसिसवर, मुलांसाठी’ एवढा कागद दाराला चिकटवला की दिवस मावळायच्या आत कोणीतरी पाठीला सॅक अडकवून पायरीशी उभा राहतो आणि विचारतो, “काकू, वायफाय आहे ना?” पाणी किती वाजता येतं, हे नंतर त्याचे वडील फोनवर विचारतात.

सध्या वर चौघं आहेत. एकमेकांना नावाने हाक मारायची त्यांच्यात पद्धत नाही, त्यामुळे मीही गावावरूनच ओळखते. लातूरकर कॉमर्सला, जळगाववाला इंजिनिअरिंगला, चिपळूणकर कॉम्प्युटर सायन्सला. थोरला बार्शीकर. त्याचं नाव विद्यापीठात एम.ए.ला आहे, शरीर गल्लीतल्या अभ्यासिकेत आणि मन केव्हाच मंत्रालयात रुजू झालंय. अभ्यासिकेत तो एक खुर्ची, एक दिवा आणि मोबाइल चार्ज करायचं एक भोक यांचं महिन्याचं भाडं भरतो. घरी कॉट आहे, टेबल आहे, दिवाही आहे. पण तिथे शेजारी दुसरा कोणी अभ्यास करत नसतो, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. पुढे त्यातच सगळी मेख निघाली.

शैक्षणिक कर्जात कोणकोणते खर्च धरायचे हे ठरलेलं असतं: फी, वसतिगृह, परीक्षा, प्रयोगशाळा, पुस्तकं, उपकरणं, कॉम्प्युटर. साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्त्याचं नाव काढायचं नाही, हे नियम मला अजून झोपेत म्हणता येतात. पण मुलं प्रत्यक्षात पैसे कशावर घालवतात ते वरच्या मजल्यामुळे कळलं आणि त्यातल्या निम्म्याला त्या अर्जात रकानाच नाही. वाढदिवसाचा केकच घ्या. तो रात्री बारा वाजता रस्त्यावर, मोटरसायकलच्या सीटवर ठेवून कापतात. अर्ध्या किलोतला जेमतेम दोन बोटं केक पोटात जातो. उरलेला कानात, केसांत आणि आमच्या फाटकाला. म्हणजे अन्नखर्च धरता येत नाही. सौंदर्यप्रसाधन म्हणावं तर दुसऱ्या दिवशी तोंड पाहवत नाही. शिवाय पार्टी ज्याचा वाढदिवस त्यानेच द्यायची. जन्माला येण्याचा दंड भरणारी ही एकच जमात असावी.

अशाच एका वाढदिवसवीराचा टॉवेल एकदा वाळत घातलेला पाहिला. तो टॉवेल होता हे मी दोरीवरच्या जागेवरून ओळखलं. पलीकडची बोगनवेल त्यातून स्वच्छ दिसत होती. “अरे, नवा घे की,” म्हटलं तर चिपळूणकर मनापासून चकित झाला. “काकू, पुसला जातो की अंग!” साबणाचंही तेच. संपत आलेली चिपटी नव्या वडीला चिकटवतात, नवी वडी संपत आली की तीही पुढच्या वडीला, असा घराण्याचा वंश चालू राहतो. टूथपेस्टची नळी आधी लाटतात, मग कात्रीने कापतात. दाढीचं ब्लेड किती दाढ्या काढतं ते मी विचारत नाही. आणि हीच पोरं संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्याला जाऊन दोनशे वीस रुपयांची थंड कॉफी पितात, तिच्यात निम्मा बर्फ. गल्लीतल्या अमृततुल्यात त्या पैशात आठवडाभर चहा झाला असता.

मला वाटायचं, यांना पैशाची किंमत नाही. आमच्या ह्यांना वाटायचं, यांना कॉफीची चव नाही. दोन्ही खोटं. झेरॉक्सवाल्याने पानाला पन्नास पैसे जास्त लावले तर हीच मुलं दोन चौक लांब चालत जातात. अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक घेताना आधीच्या मालकाने पेन्सिलीने रेघा मारल्यात की पेनने, ते उलटून उलटून बघतात आणि पेनच्या रेघांवरून दहा रुपये उतरवतात. ताळेबंद जुळवायला मला बरेच महिने लागले, पण जुळला. जे एकट्याने वापरायचं त्यावर दमडी खर्चायची नाही. जे चौघांत बसून संपवायचं त्याचा हिशेब करायचा नाही. टॉवेल एकट्याचा असतो. कॉफी चौघांची असते, निदान फोटोत तरी. बार्शीकराची अभ्यासिका याच सदरात जाते. तो खुर्चीचं भाडं देत नाही, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं देतो.

ही गोष्ट समजली तरी प्रत्येक खर्चाला ती लागू पडते असं नाही. मिठाचं प्रकरण अजून मला सुटलेलं नाही. एका रात्री वर मॅगी करायला घेतली आणि ऑम्लेटसाठी मीठ नाही असं लक्षात आलं. खाली मी जागी होते, कोपऱ्यावरचा वाणी उघडा होता. त्यांनी फोनवर मिठाची पिशवी मागवली, अठ्ठावीस रुपयांची. ॲपने सांगितलं, एकशे नव्याण्णवच्या खाली डिलिव्हरीचे पंचवीस रुपये पडतील. पंचवीस रुपये फुकट घालवायला ही काय धनिकाची मुलं आहेत? त्यांनी वेफर्स टाकले. मग कोल्ड्रिंक. तरी अकरा रुपये कमी पडत होते, म्हणून चॉकलेट. दहा मिनिटांत हेल्मेट घातलेला मुलगा धापा टाकत दाराशी आला. जिना चढताना जळगाववाला मला विजयी मुद्रेने म्हणाला, “काकू, डिलिव्हरी चार्ज वाचवला!” वर पोचल्यावर कळलं की अंडी संपलीत.

मेस हे प्रकरण मात्र त्यांनी अक्कलहुशारीने हाताळलंय. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. फीस्टला गुलाबजाम मोजून दोन. मेसच्या भिंतीवर नियम लावलेत आणि त्यांतला कळीचा नियम खाड्याचा: आधी सांगितलं आणि सलग तीन दिवसांच्या वर गैरहजर राहिलं तरच खाडा धरणार. या एका वाक्यावर वर जेवढा कीस पडतो तेवढा कोर्टात भाडेकरू कायद्यावर पडत नसेल. चिपळूणकर शुक्रवारी रात्री घरी गेला, मंगळवारी सकाळी आला. रविवारची संध्याकाळ मेस बंदच होती, ती त्याच्या गैरहजेरीत धरायची की मेसवाल्या मावशींच्या? मावशी म्हणतात, मी बंद होते, तुझा काय संबंध. चिपळूणकर म्हणतो, सलगपणा तर मोडला नाही ना. शेवटी बार्शीकराने निकाल दिला. स्पर्धा परीक्षेसाठी त्याने राज्यघटना पाठ केलीय, तिचा आजवरचा एवढाच उपयोग माझ्या पाहण्यात आहे.

माझे सासरे याच पेठेत वार लावून जेवले. सोमवारी एका वकिलांकडे, मंगळवारी शाळामास्तरांकडे, असं करत आठवडा भरायचा. कुठल्या घरी ताकाला लोणी लागलेलं असतं आणि कुठल्या घरी वाढताना हात आखडतो, हे त्यांना म्हातारपणापर्यंत वारांसकट आठवायचं. वरच्या मुलांची ही शिस्त मोडलेली नाही. बुधवारी एकावर एक पिझ्झा फुकट. महिन्याच्या सुरुवातीला अमुक कार्डावर सवलत. नव्या ग्राहकाला पहिली ऑर्डर निम्म्या किमतीत, म्हणून चौघांनी आपापल्या आयांचे मोबाइल नंबर वापरून झाले. लातूरकराची आई कधी पुण्यात आलेली नाही, पण तिच्या नावावर इथे दोन बिर्याण्या जमा आहेत. फरक एवढाच, सासऱ्यांना जेवल्यावर त्या घरचं पाणी भरावं लागायचं. यांना पाच तारे द्यावे लागतात.

घरून पैसे येण्याची रीतही पार पालटली. आमच्या काळी मनीऑर्डर यायची. तिच्या कुपनावर वडील दोन ओळी खरडायचे, बहुधा प्रकृतीला जपण्याच्या आणि खर्चाला आवरण्याच्या. ती मनीऑर्डर मागे पडली आणि २०१६ मध्ये यूपीआय आलं. तेव्हापासून बापाची रक्कम एकरकमी येत नाही, ठिबक सिंचनाने येते. महिन्याचे पाच हजार एकदम मागायला धीर लागतो, दोनशे मागायला नुसता अंगठा पुरतो. त्यातून आया वेगळे पाठवतात, “बाबांना सांगू नकोस” म्हणून. बाबाही वेगळे पाठवतात, “आईला कळू देऊ नकोस” म्हणून. एकाच कामासाठी दोन ठिकाणांहून कर्ज उचललं तर बँकेत आम्ही फाइलवर लाल शेरा मारायचो. इथे लातूरकराने एकाच चष्म्यासाठी आईवडिलांकडून स्वतंत्र मंजुरी मिळवली आणि चष्मा जुनाच आहे.

मग पैसे गेले कुठे? माझ्यातली अधिकारी तेव्हा खरी जागी झाली. विचारलं तर लातूरकर म्हणाला, “काकू, ते जळगाववाल्याच्या बाइकमध्ये गेले.” जळगाववाल्याने चिपळूणकराची परीक्षा फी भरली होती. चिपळूणकराने बार्शीकराची टेस्ट सिरीज घेतली होती आणि बार्शीकराने मागच्या महिन्यात लातूरकराची मेस. मी कागद घेऊन बसले, बाण काढले, वजाबाक्या केल्या. शेवटी सगळ्या रकमा एकमेकींना खाऊन एकाकडे फक्त चाळीस रुपये येणं निघालं. बँकांचं क्लिअरिंग हाऊस याहून वेगळं काय करतं? फक्त तिथे एसी असतो.

एरवी त्यांचा मंत्र टीटीएमएम: तुझं तू, माझं मी. सिंहगडावर गेले तर पिठलं-भाकरी टीटीएमएम, मडक्यातलं दही टीटीएमएम, पेट्रोल टीटीएमएम, त्यातही मागे बसणाऱ्याने वजनाप्रमाणे द्यावं असा ठराव एकदा आला आणि जळगाववाल्याने तो हाणून पाडला. त्याचं वजन जास्त आहे. पण हा मंत्र फक्त खिसा भरलेला असताना चालतो. एखाद्याचा खिसा रिकामा झाला की टीटीएमएम आपोआप रद्द होतं. तसं कोणी बोलून दाखवत नाही, ज्याचा रिकामा आहे त्याची थाळी आधी मागवली जाते, इतकंच. तीन महिने हप्ता थकला की आम्ही खातं अनुत्पादक ठरवायचो. वर थकबाकीची मुदत ‘घरून येईपर्यंत’ अशी आहे आणि वसुलीसाठी कोणी कोणाच्या दारात गेल्याचं मी ऐकलेलं नाही. अर्थात सगळे एकाच दाराच्या आत राहतात.

घरून आलेला खाऊ तर नाव न घालता सार्वजनिक होतो. दिवाळीनंतर डबे येतात, बार्शीहून शेव-चिवडा, चिपळूणहून रव्याचे लाडू. डबा उघडल्यावर मालकाच्या वाट्याला वास आणि डबा धुण्याचं काम येतं.

ट्रॅडिशनल डेसाठी यांनी वर्गणी काढून एक जॅकेट घेतलं, मरून रंगाचं, सोनेरी बुट्ट्यांचं, बाराशेचं. चौघांच्या मापांची सरासरी काढून घेतल्यामुळे ते कोणालाच बसत नाही. जळगाववाल्याच्या अंगावर बटणं लागत नाहीत, बार्शीकराच्या अंगावर ते गुरवाच्या ढोलासारखं लोंबतं. तरी आजवर ते तीन लग्नं, एक साखरपुडा आणि कॅम्पस मुलाखत करून आलंय. या मालमत्तेची कागदपत्रं कशी असावीत म्हणून चिपळूणकराने मला विचारलं होतं. मी म्हटलं, ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ लिहा. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून खरोखरच हँगरला बांधलं.

हल्ली माझंही खातं त्यांच्याकडे उघडलंय. मंडईत मेथीवाल्याला पैसे देताना माझ्या फोनवर चाक फिरत राहिलं. लातूरकर शेजारी होता, त्याने साठ रुपये भरले. संध्याकाळी द्यायला गेले तर म्हणाला, “राहू दे काकू, ॲपमध्ये टाकलंय.” पाठोपाठ चिपळूणकराने माझ्या फोनवर हिशेबाचं काहीतरी उतरवून दिलं. त्यात पाच नावं: गावांची चार आणि ‘काकू’. महिनाअखेरीला सूचना आली, तुमच्याकडून येणं पंचेचाळीस रुपये. मी म्हटलं, साठ होते ना? बार्शीकर जिन्यात थांबून अदबीने म्हणाला, “काकू, परवा तुम्ही कांदेपोहे दिले होते, ते वळते करून घेतले.”

चार बशा पोह्यांचे पंधरा रुपये. त्यात शेंगदाणे होते, वर ओलं खोबरं होतं, लिंबाची फोड वेगळी. मी हरकत नोंदवली आहे आणि निकाल लागेपर्यंत पुढचे पोहे रोखून धरलेत.