ओरखड्यांचे इन्स्पेक्टर

माळेगावच्या एमआयडीसीत नाना क्वालिटीला आहेत. पार्ट हातात घ्यायचा, ट्यूबलाइटखाली फिरवायचा आणि केसाएवढा ओरखडा दिसला की रिजेक्टच्या क्रेटमध्ये टाकायचा. ऑपरेटर लोक त्यांना टरकून असतात. संध्याकाळी सिन्नरला घरी आल्यावर हाच माणूस चहा ढोसतो, डोळ्यांवर भिंग चढवतो आणि नव्याकोऱ्या विमानावर ओरखडे काढत बसतो.

विमान म्हणजे वीतभर लांबीचं मिग-21 एफएल, प्लॅस्टिकचं, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. नाशिक ओलांडलं की ओझर. तिथल्या एचएएलच्या कारखान्यात ही विमानं बनली, म्हणून नाना मिगकडे माहेरच्या माणसासारखे बघतात. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये मिग-21 निवृत्त झालं, तेव्हा त्यांनी रजा टाकली होती. अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती'.

"उडतं का?" हे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. त्यानंतर, "रिमोट कुठाय?" नाना उत्तर देत नाहीत. चष्मा पुसतात.

भाग कापणं, चिकटवणं, सांध्यात पुट्टी भरून ओल्या पॉलिश पेपरनं घासणं हे सगळं चटकन उरकतं. खरी साधना पुढं, तिचं नाव वेदरिंग, म्हणजे नवं मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं दिसायला लावणं. 1971 च्या युद्धात हवाई दलाच्या चकचकीत मिगना घाईघाईत हिरवा रंग फासला होता, तोही जागोजागी वेगळा. ती घाई नाना तीन महिने रंगवत होते.

पत्र्याच्या जोडांत काळपट ऑइलकलर सोडायचा असतो, टर्पेंटाइनमध्ये पार पातळ केलेला. शून्य नंबरच्या ब्रशनं एक थेंब टेकवला की रंग आपणहून रेषेतून पळत जातो. तेवढा वेळ नाना श्वास घेत नाहीत आणि घरात कुणी मिक्सर लावायचा नसतो.

मग धूळ. ती बाटलीतून येते, कुरियरनं. वहिनींनी एकदा बिल पाहिलं. "अहो, धूळ विकत आणली? समृद्धीचं काम चाललं होतं तेव्हा दोन वर्षं फुकट येत होती की!" पण ती धूळ नानांना चालत नाही. ओल्या रंगावर तिचा एक कण बसला, तर ते भर मे महिन्यात पंखा बंद करून खिडक्या लावून घेतात. नंतर त्याच जागी बाटलीतली भुरभुरवतात.

ओरखड्यांनाही टॉलरन्स आहे. व्हर्नियर लावून नाना सांगतात, "हा एक मिलिमीटर. खऱ्या विमानावर सात सेंटिमीटर झाला! मेकॅनिक काय कुदळ घेऊन चढला होता?" रिजेक्ट. तेवढा भाग पुन्हा घासायचा, पुन्हा हिरवा.

भाच्यानं हौसेनं नाकाशी धुराची काजळी लावली, तेव्हा त्याला अर्धा तास ऐकावं लागलं. एफएलला अंगची तोफ नव्हतीच, ती पोटाखाली वेगळ्या पॉडमध्ये लावत. 12 डिसेंबर 1971 ला जामनगरच्या बाजूला फ्लाइट लेफ्टनंट सोनींनी पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं ते त्या तोफेनं, तेव्हा काजळी पोटाला! भाचा आता मामाकडे सुट्टीला येत नाही.

दिवाळीत व्याही आले. ओझरच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेले. नानांनी काचेचं कपाट उघडून मिग त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि शेजारी उभे राहिले. व्याह्यांनी ते उजेडात फिरवलं, नखानं पंख खरवडून पाहिला, शेपटीकडची काजळी पाहिली.

"नाना, राग नका मानू," ते म्हणाले, "पण हे असलं विमान आम्ही शॉपमधून बाहेर काढलं असतं ना, तर मेमो मिळाला असता. रिजेक्टच!"

त्यानंतर नाना व्याह्यांशी फोनवर फक्त पाऊसपाण्याचं बोलतात.