गव्हांकुरभाऊ

इतवारीच्या धान्यबाजारात भाऊंच्या तीन पिढ्या लोकवन आणि शरबती विकत आल्या. पोत्यात हात घालायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि भाव सांगायचा. रिपोर्टात शुगर निघाली आणि भाऊंचा दाण्यावरचा विश्वास उडाला. आता त्यांच्या गच्चीवर सात ट्रे आहेत, सात वारांचे. सोमवारी पेरलेलं पुढल्या सोमवारी कापायचं, मिक्सरमधून काढायचं, फडक्यातून गाळायचं.

व्हीटग्रास म्हटलं तर पाहुणे पितात, गव्हांकुर म्हटलं तर नातेवाईक. वहिनी गवत म्हणतात, आणि पीत नाहीत.

हा रस एकट्याने पिऊन अंगी लागत नाही. म्हणून भाऊ पहाटेच थर्मास घेऊन गांधीबागेत. ‘‘हे हिरवं रक्त हाये, राजेहो! क्लोरोफिल अन् हिमोग्लोबिन सख्खे भाऊ. तिकडं मॅग्नेशियम, इकडं लोह. बस, एवढाच फरक!’’ रचनेपुरतं हे बरंचसं खरं. पण मॅग्नेशियम काढून तिथं लोह बसवायला पोट म्हणजे काही भाऊंचं दुकान नव्हे, शरबती दाखवून लोकवन बांधायला.

त्यांचं दैवत बोस्टनच्या व्हीटग्रासवाल्या अ‍ॅन विग्मोर. मधुमेह्यांना इन्सुलिन कमी लागेल असा दावा बाईंनी केला, तेव्हा १९८२ साली मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅटर्नी जनरलने बाईंवरच दावा ठोकला, आणि बाईंनी आपला दावा मागे घेतला. मी हे सांगून पाहिलं. भाऊ म्हणाले, ‘‘मोठ्या माणसावरच केस होते, बाप्पा.’’

साडेआठला हेच हिरवं रक्त पोह्यांच्या गाडीवर लाल होतं. ‘‘तर्री मार बे अजून! रस पेलो ना सकाळी.’’

खरी पंचाईत नवरात्रात. देवघरात घट बसलेला, मातीत गहू उगवलेला, उजेड कमी म्हणून जरा पिवळट. पण नऊ दिवसांत वीतभर, अगदी कापणीच्या मापाचा. भाऊ आरतीला हात जोडून उभे असतात आणि नजर घटावर. तेवढ्यात अर्धा ग्लास तरी निघेल, हा हिशेब ओठांवर दिसतो. गेल्या नवमीला त्यांच्या खिशात कात्री सापडली. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. दसऱ्याला त्यांनी घटातले चार अंकुर उपटले, भाऊंच्या टोपीत खोचले आणि म्हणाल्या, ‘‘घ्या. डोक्यालेच जास्त गरज हाये.’’