टॉलरन्सच्या बाहेर

निगडी प्राधिकरणात निवृत्त पुरुष साधारण तीन ठिकाणी सापडतात. दुर्गा टेकडीवर, सोसायटीच्या कमिटीत, नाहीतर नातवाच्या शाळेच्या फाटकाशी. आमचे नाना यांपैकी कुठेच नसतात. ते आपल्या हॉलमध्ये खिडकीपाशी बसून इंटरनेटवर लिलावाला लागलेली इंग्रजांच्या राज्यातली नाणी रिजेक्ट करत असतात.

घेत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण जुन्या नाण्यांचा नाद म्हटला की लोकांना वाटतं, यांच्या कपाटात घबाड असणार. नानांची सगळी नाणी बिस्किटांच्या एका डब्यात मावतात, आणि त्यातली बरीचशी पुण्याच्या जुन्या बाजारात ताडपत्रीवरून उचललेली आहेत. घेण्यात त्यांना गोडी नाही. त्यांची सगळी गोडी नाकारण्यात.

नोकरी टेल्कोत, क्वालिटीला. कंपनीचं टाटा मोटर्स झालं २००३ मध्ये, पण नानांच्या तोंडी अजून टेल्कोच. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांनी रात्रपाळ्या करून आणलेले लॉट नानांनी सकाळी आठच्या आत परत पाठवलेत, आणि त्याच कारखानदारांच्या मुलींच्या लग्नात आग्रहाची जिलबीही खाल्ली आहे. निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ दिवसाला चाळीस सेकंद पुढे जातं, हे त्यांनी त्याच आठवड्यात शोधून काढलं.

त्यानंतरचे काही महिने काकूंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. तपासायला समोर काही नसलं की हा माणूस पोळीची जाडी तपासतो. दुधाची पिशवी वजन करून घेतो. शेवटी एका भाच्याने लिलावाची साइट उघडून दिली आणि काकू सुटल्या. त्या भाच्याला दिवाळीला अजून वेगळा डबा जातो.

टेबलावर व्हर्नियर, सोनाराचा काटा, जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक आणि डोळ्याला लावायचं दहापटीचं भिंग. हे भिंग ते सरळ लॅपटॉपच्या पडद्याला लावतात. चित्र दोन बोटांनी मोठं करता येतं हे त्यांना ठाऊक आहे. पण भिंगाशिवाय इन्स्पेक्शन झालं असं त्यांना वाटतच नाही. सव्वासातला बसायचं, दहाला चहा, साडेतीनला बंद. गुरुवारी लॅपटॉप उघडायचा नाही, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते.

पहिला प्रश्न ठरलेला. "ठोकलंय का ओतलंय?"

खरं नाणं टाकसाळीत दोन ठशांमध्ये ठोकून निघतं. खोटं बहुतेक वेळा साच्यात ओततात, आणि ओतलेल्या मालाचे सगळे रोग नानांना तोंडपाठ. "हे बघ, ब्लो होल," म्हणत ते व्हिक्टोरिया राणीच्या गालावर बोट ठेवतात. "आणि ही पार्टिंग लाइन. कड कानशीने घासलीय, तरी शिवण दिसतेच. केस बघ राणीचे, साबणाच्या वडीवर काढल्यासारखे. असले हाउसिंग मी किती परत पाठवले असतील!" एकदा त्यांनी वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या पाच राणीछाप रुपयांची चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. पाचही रुपयांवर राणीच्या मानेखाली एकच ओरखडा, त्याच जागी, त्याच कोनात. म्हणजे ओरखडा साच्यातच होता. खाली पाचही जणांनी लिहिलं होतं : आजोबांच्या ट्रंकेत सापडले.

आजोबांवर नानांचा विशेष राग. "दर आठवड्याला चाळीस रुपये विकतोय हा. आजोबा होते का इम्पीरियल बँक?"

रुपयाबद्दल मात्र त्यांना मनापासून आदर आहे, आणि त्याचं कारण सौंदर्य वगैरे नव्हे. १८३५ साली कंपनी सरकारने रुपयाचं वजन एकशे ऐंशी ग्रेन ठरवलं, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. ते थेट १९३९ पर्यंत टिकलं. "राजे बदलले, राणी गेली, महायुद्ध झालं. ड्रॉइंग बदललं नाही," असं ते ज्या स्वरात म्हणतात, तो स्वर बाकीचे लोक पंढरपूरच्या वारीसाठी राखून ठेवतात. १९४० मध्ये दुसऱ्या युद्धापायी चांदी निम्म्यावर आणली गेली. त्या निर्णयावर ते अजून नाराज आहेत.

या एकोणचाळीसवरून आठवलं. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया पुष्कळ मिळतो, १९३९ चा फार दुर्मीळ. एका आकड्यात किंमत कुठल्या कुठे जाते, म्हणून खोटं करणाऱ्यांचा या सालावर फार जीव. आमच्या विंगमधला हिंजवडीला जाणारा एक मुलगा असा रुपया लिलावात जिंकून आला. थेट नानांकडे. सोबत पेढे. नानांनी पेढा बाजूला ठेवला आणि रुपया काट्यावर टाकला. ११.६१. झीज धरून पास. तिरका धरून वरून लोहचुंबक सोडलं तर ते चांदीवरून घसरावं तसं रेंगाळत उतरलं. पास. मग काकूंच्या श्रीखंडाच्या वाटीत पाणी घेऊन, वाटी काट्यावर ठेवून, रुपया शिवणाच्या दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडला. काट्यावर १.१३ वाढले. म्हणजे चांदी अस्सल. मुलाचा चेहरा फुलला. काकू म्हणाल्या, "आता पेढा घ्या की."

"थांब," म्हणत नानांनी भिंग लावलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग म्हणाले, "नाणं खरं आहे. साल खोटं आहे. आठाचं पोट फाडलंय."

नवाच्या डाव्या बाजूला, खाली, जिथे आठाचं खालचं वेटोळं असायला हवं होतं, तिथे जमीन किंचित खरवडलेली होती. मुलगा मटकन बसला. नाना माणूस म्हणून वाईट नाहीत, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस. रीवर्क अतिशय सुरेख केलंय."

खोट्याइतकाच त्यांना महागाचा राग. १९१८ चा पंचम जॉर्जचा रुपया कुणी 'अल्ट्रा रेअर' म्हणून टाकला की नाना खुर्चीतून उठतात. पहिल्या महायुद्धात इथली चांदी कमी पडली म्हणून इंग्रजांनी अमेरिकेकडून चांदी घेतली आणि त्या एका वर्षात कोट्यवधी रुपये पाडले. "कोट्यवधी! याला रेअर म्हणायचं तर पीएमपीच्या गर्दीलाही रेअर म्हणा." त्याच वर्षी मुंबईच्या टाकसाळीत सोन्याच्या गिन्न्याही निघाल्या. त्यांची खूण म्हणजे सालाच्या वर बारीक 'आय' हे इंग्रजी अक्षर. ते अक्षर नसलेली 'बॉम्बे मिंटची गिन्नी' लिलावात दिसली की त्यांच्या आवाजाला धार येते. १९११ च्या रुपयाचंही तेच. राजाच्या गळ्यातल्या हारावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली आणि बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले गेले. तो खरोखरच कमी मिळतो. म्हणून आता पुढच्या सालांचे रुपयेही 'डुक्करवाला' म्हणून खपवतात. "हत्ती सुधारलाय, भाव तोच," असं नाना म्हणतात. भोकाचा पैसा, जो त्यांच्या लहानपणी घरोघर जपून ठेवलेला असे, तो दोन लाखांना लावलेला पाहून त्यांनी एका विक्रेत्याला विचारलं होतं की दोन लाख पैशाचे आहेत का भोकाचे.

जुन्या नोटेला लाखो रुपये देतो, आधी फी भरा, असा फोन शेजारच्या आजींना आला तेव्हा नानांनी रिझर्व्ह बँकेचं २०२१ चं पत्रक छापून लिफ्टमध्ये चिकटवलं. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक नसते, कुणाकडून कमिशन मागत नाही, असं त्यात आहे. ते पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाच्या वर लावल्याने कमिटीत वाद झाला. पत्रक अजून तिथेच आहे.

यमुनानगरचे एक गृहस्थ १६१६ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं घेऊन आले. एका बाजूला मारुती. हे नाणं तांदूळ ओढतं, नासावाले कोट्यवधी देतात, फक्त तपासणीचे पन्नास हजार आधी भरायचे, इतकं त्यांना कुणीतरी पटवलं होतं. नाना शांतपणे म्हणाले, "१६१६ ला मुंबई पोर्तुगीजांकडे होती. कंपनीला मिळाली १६६८ ला. शिवाजी महाराजांचा जन्मसुद्धा व्हायचा होता. हे नाणं पाडलं कुठे, तुमच्या सेक्टरमध्ये?" गृहस्थांनी बशीत तांदूळ ओतून दाखवले. दाणे खरंच सरकले. नानांनी एक दाणा उचलला, बोटांवर चोळला, काळं पडलेलं बोट भिंगाखाली धरलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद पसरला. "हा लोखंडाचा किस आहे. सरफेस ग्राइंडरचा. कूलंट नीट धुतलेलं नाही." ते पन्नास हजार वाचले. त्या दिवशी नानांनी सांगण्याआधीच काकूंनी त्यांना दुसरा चहा दिला.

काकूंच्या देवघरात एक राणीछाप रुपया आहे, त्यांच्या सासूबाईंकडून आलेला. लक्ष्मीपूजनाला तो बाहेर निघतो, पंचामृताने न्हातो, पितांबरीने लखलखतो आणि परत डबीत जातो. त्याला काट्यावर ठेवायची परवानगी नानांना कधीही मिळालेली नाही. "देवाचा रुपया आहे. तुमचा जॉब नव्हे," हे काकूंचं उत्तर. एका दिवाळीला ताम्हन उचलताना नानांनी रुपया सहज पडल्यासारखा फरशीवर पाडला, आवाज ऐकायला. खणखणीत वाजला. काकूंनी दोन दिवस अबोला धरला, पण नानांचा चेहरा त्या दोन दिवसांत जितका प्रसन्न होता तितका मुलाच्या अ‍ॅडमिशनलाही नव्हता.

मला खरी काळजी वाटते ती त्यांच्या पत्रव्यवहाराची. खोटं नाणं दिसलं की साइटला कळवून ते थांबत नाहीत. विक्रेत्याला सविस्तर रिपोर्ट पाठवतात. वजन १०.९, हवं ११.६६. सालातला तीन जाड. कडेच्या रेघा विरळ, ओतीव भाग घासून झाकलेला. खाली 'सुधारणेस वाव' असा रकाना. बहुतेक विक्रेते शिव्या घालतात, काही ब्लॉक करतात. एकाने मात्र नुसतं 'थँक्यू अंकल' लिहिलं होतं. नानांना ते फार आवडलं. आजकाल कोण उत्तर देतं?

गेल्या महिन्यात त्यांनी मला घाईघाईने वर बोलावलं. लॅपटॉपवर त्याच 'थँक्यू अंकल'चा नवा माल होता. एडवर्डचा रुपया. वजनाच्या फोटोत काटा ११.६४ दाखवत होता. तीन बारीक झाला होता. ब्लो होल कुठेच नाही, आणि कडेच्या रेघा दाट, सरळ. नाना भिंग पुढे-मागे करत कितीतरी वेळ ते बघत राहिले.

"नाना, हे तुमच्यामुळे झालंय," मी म्हटलं. "हा माणूस आता सगळ्यांना फसवणार."

"हो रे," ते हळहळले. "फार वाईट झालं." आणि लगेच, आवाजातला अभिमान लपवायचा जेमतेम प्रयत्न करत, "पण तीन महिन्यांत! आमच्या भोसरीच्या व्हेंडरला एवढं जमायला दोन वर्षं लागायची."

काकूंनी आतून बजावलं की यापुढे त्या मेल्याला एक अक्षर कळवायचं नाही. नानांनी मान डोलावली. लॅपटॉप मिटला. मला जिन्यापर्यंत सोडायला आले, चपला घातल्या नाहीत, दार अर्धवट लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"पोटातली चांदी अजून कमी आहे त्याची. फोटोवरून रंग कळतो. सांगू का नको?"